ओट्याच्या कडेचा टवका उडालाय, घरीच भरता येतो का?

कृष्णाकाठची

नमस्कार, सांगलीतून लिहितेय. गावभागात घर आहे आमचं, जुनंच आहे पण २०११ ला किचन नवीन केलं तेव्हा काळ्या ग्रॅनाईटचा ओटा बसवला होता, सव्वानऊ फूट लांब आणि दोन फूट रुंद. परवा सासूबाई पाच लिटरचा कुकर धूत होत्या, साबणाचा हात होता त्यामुळे निसटला आणि सिंकच्या बरोबर पुढच्या कडेवर आपटला. कुकरला काही झालं नाही, ओट्याचा टवका उडाला. अंगठ्याच्या नखाएवढा असेल, खोल म्हणाल तर तीन-चार मिलिमीटर. काळ्याभोर कडेवर तेवढंच राखाडी-पांढरट दिसतंय आणि हात लागला की टोचतं, काल लेकाच्या कोपराला तिथेच खरचटलं.

उडालेले दोन तुकडे मी ओट्याखाली बॅटरी मारून शोधले आणि काडेपेटीत घालून ठेवलेत. एक मोठा आहे, दुसरा तांदळाच्या दाण्याएवढा.

ग्रॅनाईटच्या एका दुकानात फोटो दाखवला तर तो म्हणाला ताई हे रिपेअर होत नसतंय, अख्खी स्लॅब बदला, तोडफोड धरून सोळा हजार. नखाएवढ्या टवक्यासाठी सोळा हजार आणि वर चार दिवस स्वयंपाकघर बंद, हे मला काही पटेना. गौरी-गणपती पंधरा दिवसांवर आलेत, घरात पंचवीस माणसं जेवणार आहेत.

खरं सांगू का, मला टवक्यापेक्षा सासूबाईंचं जास्त वाईट वाटतंय. येता-जाता त्या जागेवरून बोट फिरवतात आणि "माझ्या हातनं झालं गं" म्हणतात. हा दगड सासऱ्यांनी स्वतः मिरजेला जाऊन चार दुकानं फिरून निवडला होता, ते आता नाहीत. त्यामुळे बदलायचा विषयच नाही, आहे तोच नीट करायचाय.

तर मला विचारायचंय की तो मोठा तुकडा परत चिकटवता येईल का, का त्यापेक्षा काहीतरी भरलेलं बरं? आणि भरायचं तर नक्की काय? अजून एक, टवक्याच्या शेजारी सिंकच्या कोपऱ्यातून कडेपर्यंत केसाएवढी बारीक रेघ दिसतेय, आधीपासून होती का आताच आली ते सांगता येत नाही, दगडाचीच रेघ असेल का? आणि बाजूला जुना कडप्प्याचा छोटा कट्टा आहे (मिक्सर ठेवायचा), त्यावर लिंबू कापून कापून पांढरट चट्टे पडलेत, घासून जात नाहीत, त्यावर काही उपाय आहे का? सगळं एकाच पोस्टमध्ये विचारतेय, रागावू नका.

मिरज_जंक्शन

वहिनी, एमसील घ्या, दोन गोळ्या मळून एकत्र करा आणि भरून टाका, वरून काळा ऑईलपेंट मारा. आमच्या ओट्याला मी तीन वर्षांपूर्वी केलंय अजून पडलेलं नाही. चाळीस-पन्नास रुपयांत काम. तुकडा बसवायच्या भानगडीत पडू नका, मधे फट दिसतेच.

कुपवाडचा_फरशीवाला

ताई, मी बावीस वर्षं हेच काम करतोय, फरशी आन ग्रॅनाईट. दुकानदारानं सांगितलं ते त्याच्या सोयीचं सांगितलं, टवका भरायला त्याचा माणूस अर्धा दिवस गुंतणार आन मिळणार तीनशे रुपये, म्हणून त्याला स्लॅब विकायची आहे. नखाएवढा टवका घरी भरता येतोय, एकदम चांगला भरता येतोय.

मिरजकर भाऊ, राग मानू नका, एमसील गळक्या पायपाला चांगलं, पण ओट्याच्या कडेला ते राखाडी दिसतंय आन त्याला चकाकी धरत नाही. वरून मारलेला ऑईलपेंट भांडी घासायच्या तारेनं सहा महिन्यांत निघतोय. तुमचं टिकलंय म्हणजे ती जागा वापरातली नसंल.

तुकडे जपून ठेवलेत हे लय बेस केलंत. मोठा तुकडा जागेवर ठेवून बघा, टक्क बसतोय का. बसत असंल तर तोच चिकटवायचा, कारण तुमच्याच दगडाचा रंग आन तुमच्याच दगडाची चकाकी बाजारात कुठंच मिळत नाही. काळा काळा म्हणतात पण प्रत्येक खाणीचा काळा वेगळा असतोय.

आता कसं करायचं ते नीट वाचा, घाई करू नका.

पहिलं म्हणजे जागा कोरडी पाहिजे. वरनं पुसलेली चालत नाही, दगडाच्या आतनं कोरडी पाहिजे, आन आत्ता पावसाळा हाय. दोन दिवस त्या बाजूला पाणी लावू नका आन रात्री जुना पिवळा बल्ब असंल साठचा तर वीतभर वर टांगून ठेवा, नसंल तर हेअर ड्रायर थांबून थांबून मारा. लय जवळ धरून तापवू नका, एकाच जागी तापला की दगड तडकतोय. त्याआधी भांड्याच्या साबणानं घासून घ्या आन कोरडं झाल्यावर कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन आतली जागा पुसा. ओट्याला चमक यावी म्हणून बायका खोबरेल तेलाचा हात फिरवतात, ते तेल मुरलेलं असतंय आन त्याच्यावर कुठलाच गोंद धरत नाही. माझ्याकडं परत आलेली जेवढी कामं हायत त्यातली निम्मी ह्या तेलापायी.

थिनर कडेच्या आतल्या अंगाला आधी थोडं लावून बघा, कापूस काळा झाला तर तुमच्या दगडाला रंग दिलेला हाय. असा माल येतोय बाजारात, राखाडी दगड काळा करून विकतात. तसं निघालं तर थिनर फक्त खड्ड्यातच लावायचा, वरच्या पॉलिशला नाही.

मग अरल्डाईट आणायचं, दोन ट्यूबवालं, साधं सावकाश वाळणारं. पाच मिनिटवालं आणू नका, तुमचा हात बसायच्या आत ते घट्ट होतंय आन पुढं पिवळं पडतंय. दोन्ही ट्यूब सारख्या लांबीच्या पिळायच्या, एक जास्त एक कमी झालं तर ते आयुष्यात वाळत नाही, चिकटच राहतंय. काडीनं तीन-चार मिनिटं घोटायचं. त्यात काळा ऑक्साईड टाकायचा, रंगाच्या दुकानात सुट्टा मिळतोय, लाल कोब्याला लाल ऑक्साईड वापरायचे बगा, त्यातलाच काळा. हरभऱ्याएवढ्या मिश्रणाला टाचणीच्या डोक्याएवढा बास. जास्त टाकला तर ताकद कमी हुती.

तुकड्याला आन खड्ड्याला दोन्हीकडं पातळ थर लावायचा, दाबून बसवायचा आन चिकटपट्टीनं आवळून ठेवायचा. बाजूनं जे बाहेर येतंय ते लगेच पुसू नका, पुसताना सांध्यातलं पण ओढून निघतंय. आठ-दहा तासांनी ते चामड्यासारखं होतंय, तेव्हा नवीन दाढीचं ब्लेड घेऊन सपाट कापून काढायचं. जिथं तांदळाएवढी पोकळी राहिली असंल तिथं परत थोडं मिश्रण भरायचं, पातळीच्या जरा वर, आन चोवीस तास हात लावायचा नाही.

शेवटी वॉटर पेपर. ४०० नंबर, मग ८००, १२००, २०००. पाण्यात भिजवून, बोटाला गुंडाळून फक्त भरलेल्या जागेवर. आजूबाजूच्या ग्रॅनाईटला चिकटपट्टी लावून झाका, कारण ४०० चा पेपर चकाकणाऱ्या दगडावर गेला की धुरकट डाग पडतोय आन हातानं परत कारखान्यासारखी चमक आणता येत नाही.

पण ताई, मला टवक्याची काळजी नाही, मला त्या रेघेची काळजी वाटतीय. सिंकच्या कोपऱ्यातनंच निघालीय म्हणताय ना? दगडाची स्वतःची रेघ कोपरा शोधून निघत नसतीय. त्या जागेवर पाणी ओता, एक मिनिट थांबा आन कोरड्या फडक्यानं पुसा. ओटा वाळला आन रेघ ओलीच दिसली तर तो तडा हाय. मग नख आडवं फिरवून बघा अडकतंय का. आन सगळ्यात म्हत्त्वाचं, सिंकखाली डोकं घालून खालनं बघा, रेघ खाली पण आलीय का आन सिंकच्या पुढच्या पट्टीखाली आधाराला काय हाय. हे बघितल्याशिवाय टवका भरू नका.

साताऱ्याची_काकू

अगं बाळा, कडप्प्याचं मी सांगते, कारण माझा अख्खा ओटा चाळीस वर्षं कडप्प्याचा होता.

ग्रॅनाईट आणि कडप्पा दोन्ही काळे दिसतात म्हणून आपण एकसारखं वागवतो पण दोन्हीची जात वेगळी. कडप्पा म्हणजे आंध्रातल्या कडप्पा भागातून येणारा चुनखडीचा दगड, आणि चुन्याला आंबट सोसत नाही. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, अगदी ताक सांडून रात्रभर राहिलं तरी तो वरचा थर खातं. तुझे चट्टे डाग नाहीतच, दगड तिथे झिजून खडबडीत झालाय, म्हणून घासून जात नाहीत. डाग असता तर गेला असता. संगमरवराचंही असंच, शहाबादी फरशीचंही असंच. ग्रॅनाईटला लिंबाने एवढं काही होत नाही.

उपाय असा की फरशीवाल्या दादांनी सांगितलेलाच वॉटर पेपर घे, पण कडप्पा मऊ असल्यामुळे इथे हाताने काम होतं. ४०० ने चट्टा आणि त्याच्या आजूबाजूची चार बोटं जागा गोल गोल घासायची, भरपूर पाणी घालून, काळं-राखाडी गाळासारखं पाणी निघतं ते पुसत राहायचं. मग ८००, मग १२००. चट्टा जाईल पण ती जागा फिकी राखाडी दिसेल, तेव्हा मन घट्ट कर. पूर्ण वाळू दे आणि मग खोबरेल तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन चोळ, काळेपणा परत येतो. ग्रॅनाईटवर तेल नको हे दादांचं बरोबर, पण कडप्प्याला आम्ही महिन्यातून एकदा लावायचोच. आणि यापुढे लिंबू पाटावर काप बाई, कट्ट्यावर नको.

एक गोष्ट कळकळीने सांगते, संडास साफ करायचं ॲसिड कडप्प्याच्या जवळ नेऊ नकोस. आमच्या शेजारणीने डाग जावा म्हणून ओतलं, फेस आला, तिला वाटलं मळ निघतोय. तो मळ नव्हता, दगड जळत होता. सकाळी सगळा ओटा पांढरा, खरखरीत.

तासगाव_रोड

काकू, हळदीच्या डागाचं पण सांगा ना. देव्हाऱ्याची पायरी पांढऱ्या मार्बलची आहे, हळदीकुंकवाच्या दिवशी वाटी उपडी झाली आणि पिवळा डाग बसलाय. साबणाने घासला तर लाल झाला, मी घाबरून सोडून दिलं.

साताऱ्याची_काकू

लाल होणारच, त्यात घाबरायचं काही नाही. हळदीत चुना घातला की कुंकू होतं ना, तसंच साबणाने किंवा सोड्याने हळद लाल होते. दगडाला काही झालेलं नाही. त्यात तुमच्याकडची सांगलीची हळद, २०१८ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, तिचा रंगच पक्का.

मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साईडची बाटली आण, खाण्याच्या सोड्यात घालून श्रीखंडासारखं घट्ट कालव आणि डागावर बोटभर जाड थर दे. वरून दुधाची पिशवी कापून झाक, कडा चिकटपट्टीने बंद कर. चोवीस तासांनी पिशवी काढ, तसंच वाळू दे, मग लाकडी उलथन्याने खरवडून काढ. पहिल्यांदा निम्मा जातो, दोन-तीनदा करावं लागतं. आणि देव्हारा उन्हात नेता आला तर ने, हळद उन्हाला उडते, कपड्यावरची नाही का उडत. काळ्या दगडावर मात्र हे पेरॉक्साईड लावू नका कोणी, दगड फिका पडू शकतो.

मिरज_जंक्शन

फरशीवाले दादा, राग कसला, शिकायला मिळालं. बघितलं मी, माझं एमसील खरंच गॅसच्या मागच्या कोपऱ्यात आहे, तिथं कोणाचा हात जात नाही. एक विचारतो, घासायला माझ्याकडं अँगल ग्राईंडर आहे, त्याला पॉलिशचं पॅड लावून केलं तर पाच मिनिटांत होईल की, हातानं कशाला तास घालवायचा?

नर्सताई

ग्राईंडर नको. प्लीज नको. मी यासाठीच लिहायला लॉगिन केलं.

माझे वडील दगड कापायचं काम करायचे, कोरडं, तोंडाला नुसता रुमाल. पन्नाशीच्या आतच जिना चढताना धाप लागायला लागली, आधी टीबी म्हणून औषधं चालली, नंतर कळलं सिलिकोसिस आहे. ग्रॅनाईटमध्ये क्वार्ट्झ असतो, त्याची जी धूळ उडते ती इतकी बारीक की दिसतच नाही, फुप्फुसात जाऊन बसते आणि परत निघत नाही, त्यावर औषध नाही. रोज काम करणाऱ्याला धोका जास्त हे खरं, एका टवक्याने कोणाला सिलिकोसिस होत नाही, पण बंद स्वयंपाकघरात कोरडा ग्राईंडर फिरवला तर ती धूळ मसाल्याच्या डब्यांवर, पिठाच्या डब्यावर बसते आणि आठवडाभर झाडताना परत उडत राहते, घरात लहान मूल आहे त्यांच्या.

पाणी लावून हाताने घासलं की धूळ उडतच नाही, चिखल होतो, तो ओल्या फडक्याने पुसून फडकं धुऊन टाकायचं. आणि थिनर, अरल्डाईट वापरताना खिडकी उघडी, गॅस बंद, हातात ग्लोव्हज. अरल्डाईट ओलं असताना कातडीला लागून लागून काही जणांना पुरळ येते.

दादा, तुम्ही बावीस वर्षं काम करताय म्हणालात. मास्क वापरता का हो? रुमाल नाही, एन-९५. आणि छातीचा एक्स-रे काढलाय का कधी? मिरजेच्या सिव्हिलमध्ये दाखवून या, माझं एवढं ऐका.

कुपवाडचा_फरशीवाला

ताई, खरं सांगतो, आधी रुमालच होता. आता चार-पाच वर्षं झाली मशीनला पाण्याची नळी लावूनच कापतो आन पोरांना मास्क देतो. एक्स-रे काढलेला नाही. गणपती झाले की काढतो, तुम्ही म्हणताय तर.

मिरजकर भाऊ, ताई बरोबर बोलल्या. शिवाय कडेच्या गोलाईवर नवख्या माणसानं ग्राईंडर टेकवला की एका सेकंदात खड्डा पडतोय.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काल पाण्याची टेस्ट केली. ओटा वाळला आणि रेघ ओलीच राहिली, चांगली दोन मिनिटं. नखही अडकतंय. म्हणजे तडाच आहे.

मग नवऱ्याने सिंकखालची ट्रॉली पूर्ण बाहेर काढली आणि आत मोबाईलची बॅटरी मारून फोटो काढला. तडा खाली पण आलाय, आणि त्या रेघेतून पाणी झिरपून खालची बाजू हिरवट झालीय. सिंकच्या पुढे ग्रॅनाईटची फक्त तीन इंच रुंद पट्टी आहे आणि तिच्याखाली आधाराला काहीच नाही, हवा आहे नुसती! भिंतीत आणि जमिनीवर मात्र जुन्या सिमेंटची खूण दिसतेय, म्हणजे तिथे पूर्वी काहीतरी उभं होतं.

सासूबाईंना विचारल्यावर उलगडा झाला. २०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं, आठवडा काढला आम्ही बुधगावला नातेवाईकांकडे. परत आलो तेव्हा दगडाला काही झालं नव्हतं, चिखल धुतला की ओटा होता तसा, पण खालच्या प्लायच्या ट्रॉल्या फुगून पुस्तकासारख्या उलगडल्या होत्या. मग नवीन स्टीलच्या ट्रॉल्या बसवल्या आणि सिंकखाली मोठी कचऱ्याची ट्रॉली मावेना म्हणून फिटरने तिथला उभा कडप्पा फोडून काढला. सासूबाई म्हणाल्या "मी तेव्हा विचारलं होतं त्याला, हे काढून चालतं का, तो म्हणाला काही होत नाही आजी." चार-पाच वर्षं ती पट्टी तशीच लटकत होती.

आता काय करायचं? हे पण घरी होण्यासारखं आहे का?

कुपवाडचा_फरशीवाला

मला वाटलंच हुतं. आता हिशोब बगा. २४ बाय १८ चं सिंक असंल तुमचं, ८ इंच खोल. काठोकाठ भरलं तर पंचावन्न लिटरच्या आसपास पाणी, म्हणजे पंचावन्न किलो, त्यात भांडी वेगळी, आन पुढनं माणूस ओट्याला टेकून उभा. हे सगळं तीन इंचाच्या पट्टीवर. सिंकसाठी दगड कापतात तेव्हा आतला कोपरा काटकोनात कापला तर सगळा ताण त्या टोकावर जातोय आन तडा नेहमी तिथनंच सुरू हुतो. चांगला कारागीर कोपऱ्याला आधी भोक पाडून गोल करून घेतोय. तुमचा कोपरा काटकोनी असणार, बगा.

सासूबाईंना सांगा, कुकर नुस्तं निमित्त. पट्टी आधीच तडकलेली आन ताणात हुती, तिथं वाटी आपटली असती तरी टवका उडाला असता. त्यांच्या हातनं काय झालेलं नाही.

आधार आधी, तडा नंतर, टवका सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर सगळं परत उघडणार. उभा कडप्पा परत बसवता येतोय पण कचऱ्याची ट्रॉली जाईल. ती ठेवायची असंल तर फॅब्रिकेटरकडनं दीड इंची चौकोनी पायपाची फ्रेम करून घ्या, दोन पाय जमिनीवर ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना आन वर एक आडवा पाईप पट्टीच्या बरोबर खाली. रेड ऑक्साईड प्रायमर मारून मग रंग, ओल्या जागेला गंज लवकर धरतोय. वरच्या पायपावर सिलिकॉनची धार मारायची आन फ्रेम हळूच सरकवायची. नुस्तं टेकलं पाहिजे. पाचर ठोकून वर उचलायला जाऊ नका, मोडंल.

ते वाळलं की तड्याखालनं चिकटपट्टी लावायची, वरनं अरल्डाईट. ट्यूब दहा मिनिटं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा, पातळ हुतंय आन तड्यात आपोआप उतरतंय. काडीनं थेंब थेंब सोडायचं, खाली उतरलं की परत. वर थोडं उंच ठेवून वाळू द्यायचं, मग ब्लेड. तडा आतनं ओला असताना भरू नका, पाणी आत कोंडून राहिलं की पकड सुटती.

आन जोडलेल्या जागेवर गॅसवरनं उतरवलेली कढई थेट ठेवू नका कधी, तापलं की हे मऊ पडतंय.

कृष्णाकाठची

झालं! उशिरा लिहितेय कारण घरात गडबड होती.

फ्रेम माधवनगर रोडच्या एका फॅब्रिकेटरने करून दिली, साडेअकराशे रुपये घेतले. कोपरा अगदी काटकोनी निघाला, दादा तुम्ही न बघता सांगितलंत. चार दिवस सिंक बंद ठेवलं, भांडी मागच्या मोरीत घासली, बल्ब दोन रात्री टांगला. तडा भरायला तीन वेळा अरल्डाईट सोडावं लागलं, प्रत्येक वेळी वाटायचं झालं आणि सकाळी बघावं तर परत खाली उतरलेलं.

टवक्याचं पहिल्यांदा चुकलं माझं. ऑक्साईड जास्त पडला, मिश्रण डांबरासारखं घट्ट झालं आणि तुकडा उचलून आला, कडेला केसभर उंच. वाळायच्या आत लक्षात आलं म्हणून काढून थिनरने दोन्ही बाजू साफ केल्या आणि परत पहिल्यापासून. दुसऱ्यांदा अगदी कणभर रंग घातला, तुकडा दाबल्यावर टक्क असा बसला की मला बोटाला कळलं. चोवीस तास सांगितले होते, मी तीस ठेवले. वॉटर पेपरला दीड तास लागला, लेक शेजारी बसून पाणी घालत होता.

समोरून दिसत नाही. वाकून खिडकीच्या उजेडात बघितलं तर तुकड्याभोवती बारीक रेघ दिसते आणि तिथे चमक थोडी कमी आहे, बाकी काही नाही. एकूण खर्च फ्रेम धरून तेराशे ऐंशी.

सासूबाईंना तुमचं ते "कुकर नुस्तं निमित्त" वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग काल रात्री सगळं आवरल्यावर त्या ओट्याजवळ गेल्या, चष्मा काढून ठेवला आणि कडेवरून बोट फिरवत गेल्या. जागा त्यांना लगेच सापडली, तिथे थांबल्या आणि म्हणाल्या, "लागतंय बोटाला, पण टोचत नाही." आणि मग दुसऱ्या दिवशीच्या पुरणाची डाळ भिजत घातली, त्याच ओट्यावर, पाच लिटरच्या त्याच कुकरात.

तांदळाएवढा तुकडा काही बसवता आला नाही, तो काडेपेटीतच आहे. कडप्प्याचं काम गौरी उठल्यावर काढणार आहे काकू, वॉटर पेपर उरलेत.

कुपवाडचा_फरशीवाला

फोटो बघितला, एक नंबर झालंय. चमक कमी हाय म्हणताय तिथं ३००० चा पेपर मिळाला तर ओला करून दहा मिनिटं फिरवा. फ्रेमच्या पायाखाली पाणी साचत असंल तर रबरी बूच घाला, आन दिवाळीच्या साफसफाईला ट्रॉली काढाल तेव्हा खालनं एकदा बॅटरी मारून बगा, हिरवट ओल परत दिसली तर मला इथं सांगा.

नर्सताई

आणि एक्स-रे, दादा.

कुपवाडचा_फरशीवाला

सोमवारी जातोय ताई.